लोको पायलट व्हायचंय? मग पहिली फेरी डोळ्यांच्या डॉक्टरकडे

चोपडा तालुक्यातल्या एका १९ वर्षांच्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर. त्याचा प्रश्न थोडक्यात असा: बारावी सायन्स झाली, वडील केळीच्या बागेत मजुरीला जातात, रेल्वेत ड्रायव्हर, म्हणजे लोको पायलट, व्हायचंय. आयटीआय करू की डिप्लोमा? जळगावला क्लास लावू का? ओळखीतला एक जण चार लाखांत नोकरी लावून देतो म्हणतो, ते खरं असतं का? आणि शेवटी जाता जाता दोन ओळी: नववीत चष्मा लागला होता, आता घालत नाही. बहीण वायरमनचा ट्रेड करतेय, तिला ही नोकरी चालेल का?

भाऊ, मी भुसावळच्या लॉबीत, म्हणजे रेल्वेचालकांच्या ड्यूट्या लागतात त्या ठिकाणी, २९ वर्षं काढली. असिस्टंट म्हणून लागलो, मालगाडी, पॅसेंजर, मेल असं करत वर चढलो आणि शेवटची सात वर्षं लोको इन्स्पेक्टर म्हणून नव्या पोरांसोबत इंजिनात उभा राहिलो. तेवढ्या अनुभवावर सांगतो, तू जी गोष्ट शेवटी आणि घाईत लिहिलीस ती सगळ्यात आधी यायला हवी होती. आयटीआय, डिप्लोमा, क्लास हे सगळं नंतरचं. तुझा खरा प्रश्न चष्म्याचा आहे.

रेल्वेत प्रत्येक पदाला एक वैद्यकीय श्रेणी ठरलेली असते. तू जिथून सुरुवात करणार ते पद असिस्टंट लोको पायलटचं, म्हणजे सहाय्यक चालकाचं. त्याची श्रेणी ए-वन, सगळ्यात कडक. दोन्ही डोळ्यांना, वेगवेगळं तपासून, चष्म्याशिवाय ६/६ दिसलं पाहिजे. वरून डोळ्यासमोर प्लस दोनचं भिंग धरून पाहतात. त्यातून दूरचं धूसरच दिसायला हवं. स्पष्ट दिसलं तर डोळ्यात लपलेला प्लस नंबर आहे असा त्याचा अर्थ, आणि उमेदवार बाद. जवळचं वाचन, रात्रीची नजर, दोन्ही डोळ्यांची एकत्र नजर, बाजूचं किती दिसतं आणि रंग ओळखणं, हे सगळं पाहतात. लेझर करून नंबर घालवू असं मनात असेल तर ते आजच काढून टाक. लॅसिक किंवा नंबर घालवण्याची दुसरी कुठलीही शस्त्रक्रिया झालेली असेल तर या पदाला चालत नाही. चांगल्या नजरेची पोरं कुणाच्या तरी सल्ल्याने बारीकसा नंबर लेझरने घालवतात आणि स्वतःचं दार कायमचं बंद करून घेतात. असं झालेलं मी दोनदा पाहिलं आहे.

आमच्या गल्लीतल्या एका मुलाचं सांगतो. बाप मालधक्क्यावर हमाल. पोराने दोन वर्षं आयटीआय केलं, दीड वर्ष खोली घेऊन अभ्यास केला, सगळ्या परीक्षा काढल्या. घरी पेढे वाटले गेले. मेडिकलला डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं. रंगीत ठिपक्यांमध्ये एक आकडा लपलेला असतो. साध्या नजरेला त्या पानावर ७४ दिसतात. त्याने मोठ्या खात्रीने २१ वाचले. लाल-हिरव्याचा दोष असलेल्या डोळ्याला तिथे नेमके २१च दिसतात. बावीस वर्षं त्याला हे माहीत नव्हतं, कारण कुणी तपासलंच नव्हतं. केळीचं पान हिरवं आणि मिरची लाल हे तो लहानपणापासून ऐकत आला होता, त्यामुळे कधी अडलंच नाही. या दोषावर औषध नाही. आणि मेडिकलला बाद झालेल्या नव्या उमेदवाराला रेल्वे दुसरी नोकरीही देत नाही. नोकरीत असलेल्या माणसाचे डोळे पुढे बिघडले तर त्याला पर्यायी काम मिळतं, दारात उभ्या असलेल्याला मिळत नाही. त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो. पाच मिनिटांची तपासणी साडेतीन वर्षं आधी झाली असती तर त्याने ती वर्षं दुसऱ्या परीक्षेला दिली असती.

म्हणून तुला पहिलं काम हे. जळगावच्या किंवा धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जा, नाहीतर चांगल्या खाजगी नेत्रतज्ज्ञाकडे. चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवर भागवू नको. डॉक्टरांना सरळ सांग की रेल्वेच्या ए-वनसाठी तपासायचं आहे: दोन्ही डोळे चष्म्याशिवाय, प्लस दोनची तपासणी आणि रंगांचं पुस्तक. आमच्या घरी आई अहिराणीत म्हणायची, 'पहिले डोया तपासी ले.' ती दिव्याच्या उजेडात सुई ओवताना म्हणायची, पण मी नव्या पोरांना हेच सांगत आलो.

इथे परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग येतो. नववीतला नंबर किती होता हे तू लिहिलं नाहीस. कधीकधी शाळेच्या शिबिरात घाईने चष्मा देतात आणि नीट तपासल्यावर नंबर नसतोच. पण खराच मायनस नंबर असेल तर तो चष्मा घालायचा सोडल्याने जात नाही. तसं निघालं तर लोको पायलटचा विषय तिथेच संपवायचा, वर्ष घालवायचं नाही. रेल्वे मात्र संपत नाही. शेडमध्ये आणि वर्कशॉपमध्ये टेक्निशियनची पदं असतात. त्यांतल्या बऱ्याच पदांना चष्मा चालणारी श्रेणी असते आणि शिक्षण तेच, आयटीआय. भुसावळला इलेक्ट्रिक लोको शेड आहे, इंजिनांच्या मोठ्या दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. इंजिन चालवणारा जितका महत्त्वाचा, तितकाच ते इंजिन रात्री दोन वाजता रुळावर जाण्याजोगं करून देणारा फिटर महत्त्वाचा. हे मी मनापासून म्हणतोय. त्यांच्या हातावर भरवसा ठेवूनच मी गाडी हाकली.

आता डोळे ठीक निघाले असं धरून पुढचं.

नुसत्या बारावीवर हे पद मिळत नाही. सायन्स असो, गणितात नव्वद असोत, उपयोग नाही. लागतं ते दहावी आणि आयटीआय, किंवा दहावी आणि मान्य ट्रेडमधली पूर्ण केलेली अप्रेंटिसशिप, किंवा मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, ऑटोमोबाइल यांपैकी एकातला तीन वर्षांचा डिप्लोमा. त्या शाखांची पदवीही चालते. आयटीआयमध्ये सगळे ट्रेड चालत नाहीत, आणि इथे आपल्याकडची कितीतरी पोरं फसतात. इलेक्ट्रिशियन, फिटर, वायरमन, टर्नर, मशिनिस्ट, डिझेल मेकॅनिक, मोटार मेकॅनिक, ट्रॅक्टर मेकॅनिक, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, फ्रिज-एसी असे ट्रेड यादीत असतात. वेल्डर आणि कॉम्प्युटर ऑपरेटर (कोपा) नसतात. जागा मिळाली म्हणून कोपा घेतला आणि दोन वर्षांनी रेल्वेचा फॉर्म भरायला बसला, अशी मुलं माझ्याकडे येतात तेव्हा काय सांगावं कळत नाही. प्रवेश घेण्याआधी शेवटच्या जाहिरातीतली ट्रेडची यादी स्वतः वाच.

आयटीआय की डिप्लोमा? पद तेच, पगार तोच. घरची स्थिती तू लिहिलीस तशी असेल तर मी सरकारी आयटीआयत इलेक्ट्रिशियन किंवा फिटर घ्यायला सांगेन. दोन वर्षांत हातात कसब येतं आणि रेल्वेचं जमलं नाही तरी उपाशी राहणार नाहीस. त्यातही इलेक्ट्रिशियनला माझा कौल, कारण आज आपल्या मार्गावर धावतं ते सगळं विजेवर आणि पुढच्या प्रशिक्षणात सर्किट समजायला सोपं जातं. डिप्लोमाची एक जमेची बाजू कबूल करतो. पुणे, नागपूर, मुंबई मेट्रोच्या ट्रेन ऑपरेटरच्या जाहिराती बहुतेक वेळा डिप्लोमा मागतात. एक वर्ष जास्त आणि फी जास्त, हे घराला झेपत असेल तर तोही रस्ता चुकीचा नाही.

आयटीआय झाल्यावर रिकामं बसू नको. मध्य रेल्वे अप्रेंटिसच्या जागा काढते, त्यात भुसावळचा वेगळा गट असतो: लोको शेड, वर्कशॉप, कॅरेज अँड वॅगन, शिवाय मनमाडचं वर्कशॉप. परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. विद्यावेतन थोडं असतं, पण ज्या इंजिनाबद्दल पुस्तकात वाचलं त्याच्या पोटात हात घालायला मिळतो. अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना लेव्हल वनच्या भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. आणि लेव्हल वनमध्ये, म्हणजे ट्रॅकमनपासून हेल्परपर्यंत कुठेही लागलास, तरी काही वर्षांनी खात्यांतर्गत स्पर्धा परीक्षेतून असिस्टंट लोको पायलट होता येतं. माझ्या हाताखाली तयार झालेल्या सगळ्यात सावध असिस्टंटांपैकी एक जण आधी चार वर्षं रुळावर चाव्या ठोकत होता. त्याला रूळ आवाजावरून कळायचा.

परीक्षेबद्दल फार लांबवत नाही, ती माहिती जाहिरातीत असते. पहिला पेपर ७५ प्रश्न, ६० मिनिटं, चुकीला एक तृतीयांश गुण वजा. ही नुसती चाळणी. दुसऱ्या पेपरचे दोन भाग: पहिल्यात १०० प्रश्न ९० मिनिटांत, गणित, बुद्धिमत्ता, मूलभूत विज्ञान आणि अभियांत्रिकी, दुसऱ्यात तुझ्या ट्रेडचे ७५ प्रश्न, तिथे ३५ टक्के मिळवले की झालं. हे दोन्ही पेपर मराठीतून देता येतात. पण आयटीआयचे शब्द इंग्रजीतून डोक्यात बसलेले असतात, म्हणून सराव दोन्ही भाषांत कर.

तिसरी पायरी अभियोग्यता चाचणी, आमच्या बोलीत 'सायको'. ती फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते. पाच छोट्या चाचण्या: लक्षात ठेवणं, सूचना पाळणं, खोलीचा अंदाज, एकाग्रता, झटपट ओळखणं. पाचही चाचण्यांत प्रत्येकी किमान ४२ टी-स्कोअर, म्हणजे इतरांच्या तुलनेत काढलेला गुण, लागतो. चार उत्तम आणि एक कच्ची असं चालत नाही. अंतिम यादीत दुसऱ्या पेपरच्या पहिल्या भागाला ७० टक्के आणि या चाचणीला ३० टक्के वजन. चाचणीला जाताना ठरलेल्या नमुन्यातला डोळ्यांचा दाखलाही न्यावा लागतो, म्हणजे डोळे इथे पुन्हा आडवे येतातच. आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेच्या संकेतस्थळावर या चाचण्यांचे नमुने आहेत, ते पाहून जा. पाठांतराने ही निघत नाही. रोज ठरलेल्या वेळी, शांत डोक्याने, घड्याळ लावून सराव करणाऱ्याची निघते.

धीर मात्र लागतो. २०१८ नंतर या पदाची पुढची जाहिरात थेट जानेवारी २०२४ मध्ये आली. मधल्या काळात किती पोरांचं वय निघून गेलं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा वयात तीन वर्षांची सवलत द्यावी लागली. २०२४ ची भरती आधी ५,६९६ जागांची होती, ती वाढून १८,७९९ झाली. पहिला पेपर नोव्हेंबर २०२४ मध्ये, दुसरा मे २०२५ मध्ये. म्हणजे फॉर्म भरल्यापासून दुसऱ्या पेपरापर्यंत सव्वा वर्ष. २०२५ मध्ये ९,९७० जागांची पुढची जाहिरात आली. आता दरवर्षी काढण्याचं वेळापत्रक रेल्वेने ठरवलंय. वयोमर्यादा साधारणपणे १८ ते ३०, ओबीसींना तीन आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षं सवलत. तू १९ चा आहेस, वेळ आहे. शेवटच्या तारखेला आयटीआयचा निकाल हातात असावा लागतो, 'निकाल लागायचाय' चालत नाही. फॉर्म एकाच रेल्वे भरती बोर्डाला भरता येतो. तेव्हा भरताना कुठल्या बोर्डात कुठल्या रेल्वेच्या किती जागा आहेत ते बघ. नंदुरबार, अमळनेरवरून जाणारी सुरतेची लाइन पश्चिम रेल्वेची आणि भुसावळ मध्य रेल्वेचं, हे आपल्या भागातल्या पोरांना बऱ्याचदा माहीत नसतं.

क्लास लावायचा तर गणित कच्चं असेल तरच लाव. दहावीचं गणित आणि विज्ञान पक्कं असलेल्याला आयटीआयचं पुस्तक, जुने पेपर आणि दोन अभ्यासू मित्र पुरतात.

चार लाखांचं ऐक. ती रक्कम म्हणजे तुझ्या वडिलांनी केळीच्या घडांखाली घालवलेली किती वर्षं, हे तू माझ्यापेक्षा चांगलं जाणतोस. परीक्षा संगणकावर, गुण संगणकावर, सायको संगणकावर. तो माणूस यात कुठे हात घालणार आहे ते त्याला विचार. २०२२ मध्ये तामिळनाडूतल्या अठ्ठावीस जणांना अशाच दलालांनी दिल्लीला नेलं. रोज आठ तास स्टेशनवर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि डबे मोजायचे, हेच तुमचं प्रशिक्षण, असं सांगितलं आणि महिनाभर मोजायला लावलं. त्या सगळ्यांचे मिळून २ कोटी ६७ लाख गेले. ही पोरं अडाणी नव्हती. घरच्यांना किती वाट पाहायला लावायची, या लाजेपोटी कुणीही फसू शकतो. अर्जाची फी ५०० रुपये, पहिला पेपर दिलास की त्यातले ४०० परत मिळतात. अनुसूचित जाती-जमाती आणि मुलींना २५० आणि ते सगळे परत. याच्या पलीकडे कुणाला एक रुपया देऊ नको.

आता कामाबद्दल, कारण ते न कळता कुणी या नोकरीत येऊ नये असं मला वाटतं.

सुरुवातीचा मूळ पगार १९,९०० रुपये, त्यावर भत्ते आणि धावलेल्या किलोमीटरचा वेगळा भत्ता. पुढे बढतीने पैसा चांगला होतो. पण त्या पैशाची किंमत झोपेने मोजावी लागते. कॉल कधी येईल सांगता येत नाही. दुपारी जेवून पडलास की फोन, रात्री एकला पुन्हा. दिवाळी, लग्न, मुलाचा दहावीचा निकाल, सगळं गाडीच्या वेळेवर. बाहेरगावी रनिंग रूममध्ये आठ तास विश्रांती, घरी आल्यावर मोठ्या ड्यूटीनंतर सोळा तास. कागदावर ते बरं दिसतं, पण मे महिन्यात, भुसावळच्या उन्हात, पत्र्याच्या घरात दिवसा झोप लागायला हवी ना! माझ्या बायकोने खिडक्यांना ओली गोणपाटं लावली, पोरांना शेजारी पाठवलं, दारावरची बेल काढून टाकली. ड्रायव्हरची निम्मी नोकरी त्याचं घर करतं.

एक रात्र सांगतो. पहाटेचे तीन वाजून गेले होते. कोळशाची भरलेली मालगाडी, ५८ बॉक्सएन वाघिणी, पाच हजार टनांच्या वर वजन. कजगाव मागे टाकलं, वाघळीचा डिस्टंट, म्हणजे स्टेशनाआधीचा पूर्वसूचनेचा सिग्नल, समोर आला. आमच्यात नियम असा की सिग्नल दिसला की दोघांनी हात दाखवून मोठ्याने म्हणायचं. मी म्हणालो, 'डबल यलो', म्हणजे पुढे सावध. उत्तर आलं नाही. मी मान वळवली. माझा असिस्टंट ताठ उभा होता, डोळे उघडे, नजर काचेच्या पलीकडे. आणि तो झोपलेला होता. मी त्याच्या दंडाला हात लावला तसा तो दचकला आणि ओरडला, 'ग्रीन!' अशा गाडीला थांबायला किलोमीटर-दीड किलोमीटर लागतो. त्या क्षणी दोघंही त्याच्यासारखे असतो तर पुढचा लाल सिग्नल पाहायला इंजिनात कुणीच नव्हतं. मिनिटभर हालचाल झाली नाही तर इशारा देऊन ब्रेक लावणारं यंत्र आता इंजिनात असतं, पण अर्धवट झोपेत सवयीने बटण दाबणारे हातही मी पाहिले आहेत. नंतर कळलं की तो आदला दिवसभर पाचोऱ्याला बहिणीच्या हळदीत होता. पोरगा प्रामाणिक होता, कष्टाळू होता. 'मी दमलोय' म्हणायची त्याला भीती वाटली होती. त्या दिवसापासून साइन ऑनला, म्हणजे ड्यूटीवर हजेरी लावताना, भेटणाऱ्या प्रत्येक असिस्टंटला मी गाडीची स्थिती विचारायच्या आधी 'किती झोपलास?' हे विचारत आलो.

म्हणून तुझ्या तयारीत एक गोष्ट आतापासून धर. झोप ठरवून घ्यायची सवय लाव, आणि दारूची सवय लावून घेऊ नको. साइन ऑनला रोज फुंकर मारून तपासणी होते. लाल सिग्नल ओलांडला तर नोकरी जाऊ शकते, आणि नोकरी जाणं ही त्यातली लहान गोष्ट. नोकरी लागल्यावर मेडिकल संपत नाही: ४५ वर्षांपर्यंत दर चार वर्षांनी, ५५ पर्यंत दर दोन वर्षांनी, मग दरवर्षी. साखर आणि रक्तदाब हे आमच्या लोकांचे नेहमीचे पाहुणे, कारण जेवणाला वेळ नाही. मी कळण्याची भाकरी आणि ठेचा घरून न्यायचो आणि स्टेशनवरचं तळलेलं टाळायचो, तेवढ्याने बरंच वाचलं.

तुझ्या बहिणीबद्दल. होय, चालेल, आणि वायरमन ट्रेड यादीत आहे. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये मध्य रेल्वेत असिस्टंट ड्रायव्हर म्हणून लागल्या, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या गेल्या, आणि मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत त्यांनी आणली. आज मुली बऱ्याच येतात. अडचणी मी लपवणार नाही. बहुतेक इंजिनांत शौचालय नाही आणि रात्री-अपरात्री यार्डात एकटीने चालावं लागतं. मुलींनी या अडचणी वर्षानुवर्षं मांडल्या आहेत आणि त्या सुटल्याच पाहिजेत. पण माझ्या हाताखालच्या मुली सिग्नल पुकारण्यात पोरांपेक्षा कधी कमी पडल्या नाहीत. तिची इच्छा असेल तर तिचेही डोळे त्याच दिवशी तपासून घे. एसटीचं एकच भाडं लागेल.

तेव्हा क्रम असा धर: या आठवड्यात डोळे, मग ट्रेडची यादी पाहून सरकारी आयटीआयचा प्रवेश, दोन वर्षं ट्रेडसोबत दहावीचं गणित, मग अप्रेंटिस आणि जाहिरात दोन्ही. डॉक्टरांच्या कागदावर उजव्या डोळ्याचं, डाव्या डोळ्याचं आणि रंगांच्या तपासणीचं काय लिहिलंय ते मला कळव. तुझंही आणि बहिणीचंही. ट्रेडचं आपण त्यावरून ठरवू.